फाइलींच्या रांगेतली काकू

ऑफिसात मी आजवर एकदाच मोठ्याने बोलले आहे, आणि त्याआधी मला घंटा वाजवावी लागली होती. खरीखुरी, पितळेची, आरतीच्या तबकातली घंटा. एरवी माझं काम असं आहे, की माझा आवाज कुणाला ऐकू आला नाही म्हणजे सगळं व्यवस्थित चाललंय असं समजायचं. अशीही नोकरी असते हे कळल्यावर मी दुसरीकडे कुठे अर्जच केला नाही.

अंधेरी पूर्वेला एक ॲनिमेशनचा स्टुडिओ आहे. लहान मुलांची कार्टून्स बनतात तिथे, बहुतेक परदेशी चॅनेलांसाठी. मी तिथली सिस्टिम ॲडमिन. म्हणजे काय, हे मी सुरुवातीला लग्नकार्यांत नीट समजावून सांगायचे. मग एकदा मुलुंडची मामी म्हणाली, "म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करतेस. मग आमचा प्रिंटर बघ ना जरा." त्या दिवसापासून मी "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगते आणि प्रिंटर बघते. या अंकाच्या संपादक आईच्या मैत्रीण आहेत. त्यांनी मला घरी येऊन गाठलं आणि म्हणाल्या, "मामीला सांगितलं नाहीस ते आम्हाला सांग." माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत मी याआधी लिहिलेला सगळ्यात लांब मजकूर म्हणजे दहावीचा निबंध, 'माझा आवडता ऋतू', आणि तोही आईने सांगितलेला. त्यामुळे इथे काही चुकलं असेल तर ते आईने तपासलं आहे, हे ध्यानात ठेवावं.

तर काम असं आहे. आमच्याकडे पन्नास-साठ चित्रकार आहेत आणि सगळ्यांची चित्रं एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर असतात. आपापल्या टेबलावरून कुणीही कुठलीही फाइल उघडू शकतं. घोळ इथेच आहे. एकाच चित्रावर दोघं एकदम बसले तर जो नंतर सेव्ह करेल त्याचं राहतं आणि आधीच्याचं पुसलं जातं. म्हणून कुणी फाइल उघडली की सर्व्हर तिला कुलूप लावतो. बाकीच्यांना पाटी दिसते, ही फाइल अमक्याकडे आहे, थांबा. त्याने फाइल बंद केली की कुलूप निघतं.

आता समजा सर्व्हरच बंद पडला. कुलपांचा हिशोब त्याच्या डोक्यात असतो. पुन्हा चालू झाला की डोकं कोरं. कोणाकडे काय होतं, काही आठवत नाही. त्या वेळेसाठी सर्व्हरवर मागच्या बाजूला एक छोटीशी सेवा चालू असते. तिला खिडकी नाही, बटण नाही, रंग नाही. ऑफिसातल्या कुणालाही ती आहे हे माहीत नाही. तिला सांभाळणं हे माझ्या कामांपैकी एक, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आवडीचं.

ती काय करते हे मला पुस्तकातून कळलं, पण समजलं आईमुळे. आईचं लहानपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. आजोबा मालवणकडचे, गिरणीत होते. मजल्याच्या टोकाला एकच नळ. पाणी यायच्या आधी बायका कळशा रांगेत लावून ठेवायच्या. मध्येच पाणी जायचं, मग सगळ्या आपापल्या कळशा उचलून घरी. पुन्हा पाणी आलं की रांग कुठून सुरू करायची? तर नळाशेजारच्या खोलीत तावडेकाकू राहायच्या. त्यांना एवढंच लक्षात असायचं की मघाशी रांगेत कोण-कोण होतं. पाणी आलं की त्या दारोदार जाऊन हाक मारायच्या, "पाणी आलं गं, तू होतीस ना? ये." मग जी ती येऊन आपली जागा आपणच सांगायची, मी कदमांच्या मागे, मी कोपऱ्यात. आणि आधीच्या सगळ्या येईपर्यंत नवी कळशी लावायला बंदी. कुणी घुसलीच तर तावडेकाकूंचा हात कमरेवर, "थांब जरा. मघाच्यांना येऊ दे."

माझी सेवा हुबेहूब हेच करते. कोणत्या मशीनकडे कुलपं होती, एवढंच ती टिपून ठेवते. कुठली फाइल, कशासाठी, याची तिला चौकशी नाही. सर्व्हर पडून उठला की ती प्रत्येक मशीनला हाक मारते, "मी पुन्हा आले आहे. तुमचं काय होतं ते सांगा." मशीन आपापलं सांगतात. तेवढं मिनिट-दीड मिनिट नव्या कुणालाही कुलूप मिळत नाही. मग गाडी पुन्हा रुळावर. चित्रकारांना वाटतं, नेट जरा हळू झालं होतं.

माझ्या आधी इथे जो मुलगा होता त्याने सगळ्या मशीनना माशांची नावं दिली होती. बांगडा, सुरमई, बोंबील, हलवा. सर्व्हरचं नाव मात्र त्याने काकू ठेवलं होतं. त्याला आमच्या चाळीतलं काही माहीत असण्याची शक्यता नाही. त्याची काकू वेगळी असणार. पण रुजू झाल्याच्या दिवशी स्क्रीनवर ते नाव दिसलं आणि मला वाटलं, इथे आपलं जमेल.

ही हाक दुसऱ्या बाजूनेही मारावी लागते, हे मला निखिलने शिकवलं. निखिल सावंत आमच्याकडे लायटिंग करतो, म्हणजे तयार चित्रात ऊन-सावली घालतो. हुशार आहे, आणि बोलतो एवढं की त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना आळीपाळीने बदलावं लागतं. तो गणपतीला गावी गेला आणि जाताना, घरी फ्रिजचं करतात तसं, मशीनचा प्लग काढून गेला. फाइली उघड्याच. झालं. सर्व्हर समजतोय की बोंबील, म्हणजे निखिलचं मशीन, अजून बसलाय. कार्टूनमधला सगळा समुद्र त्याच्या फाइलीत होता आणि समुद्राला कुलूप. लोक माझ्याकडे येऊन उभे राहिले. कुणी म्हणालं सर्व्हर बंद करून चालू कर, कुणी म्हणालं निखिलला फोन लाव. निखिलच्या वाडीत रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं आणि तो पाच दिवस आरत्यांमध्ये होता. मी त्याच्या टेबलाखाली गेले आणि प्लग लावला. मशीन उठलं आणि त्याने आपणहून सर्व्हरला सांगितलं, "मी मध्ये पडलो होतो, माझं जुनं सगळं सोडून द्या." कुलपं निघाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले म्हणून मी पँट्रीत जाऊन पाणी प्यायले. तहान नव्हती.

निखिलने परत आल्यावर मला खाजं आणून दिलं. "तू माझा समुद्र सोडवलास म्हणे," म्हणाला. मी "हं" म्हटलं. या माणसाशी माझं तोवरचं सगळ्यात लांब संभाषण ते.

आता घंटेची गोष्ट.

आमच्याकडे नवे मॅनेजर आले. त्यांना माशांचा वास यायचा, म्हणजे नावांचा. "क्लायंटसमोर सर्व्हरला काकू म्हणायचं का आपण?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न तसा रास्त होता. त्यांनी अक्षरं आणि आकडे असलेलं एक लांबलचक नाव पाठवलं. मी ते सर्व्हरवर लिहून ठेवलं. असं नाव लगेच लागू होत नाही, पुढच्या वेळी सर्व्हर बंद होऊन चालू झाला की होतं. तो शनिवारी बंद करायचा आणि त्याच वेळी सगळ्या माशांनाही काकूचं नवं नाव कळवायचं, असा माझा बेत होता. मध्ये दसरा आला.

परदेशी चॅनेलांना दसरा कळत नाही, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी अर्धा दिवस असतो. दुपारी यंत्रांची पूजा, मग श्रीखंड-पुरी, मग घरी. पूजेचं सगळं परबकाका बघतात. ते ऑफिसचे सगळ्यात जुने कर्मचारी, चहापासून चाव्यांपर्यंत सगळं त्यांच्याकडे. प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर हळदकुंकू, आणि त्यांचा नियम कडक. पूजा झालेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही. त्याला विश्रांती. म्हणून पूजेआधी सगळे आपापल्या फाइली बंद करतात आणि नंतर काका रांगेने टेबलाखाली वाकून एकेक मशीन बंद करत जातात.

त्या वर्षी एकीने फाइल बंद केली नव्हती. सुजाताताई. ही बोरिवलीहून येते, आमच्यातली सगळ्यात जुनी चित्रकार. हातात पेन्सिल धरून शिकलेली. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांनी ठरवलेल्या पात्रांची मधली-मधली चित्रं काढली. पहिल्यांदाच एक पात्र तिचं स्वतःचं होतं, शंख बदलायला घाबरणारा एक खेकडा. चॅनेलला तो दोनदा पसंत पडला नव्हता. चेहरा जमत नाही, म्हणाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटची मीटिंग होती. तेव्हाही जमला नाही तर खेकडा दुसऱ्या टीमकडे जाणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तिच्यासमोर बोलत नव्हतं. तिने मातीचा एक छोटा खेकडा करून आपल्या मशीनवर, म्हणजे सुरमईवर, ठेवला होता. त्याच्याकडे बघत, तीन दिवस फाइल उघडी ठेवून ती बसली होती. तिच्यानंतर त्या फाइलीत ऊन घालायचं होतं निखिलला. तो रोज सकाळी येऊन बघायचा, कुलूप. रोज मला येऊन सांगायचा, "तुझी काकू काही देत नाही हां."

आरती सुरू व्हायच्या जरा आधी सुजाताताई माझ्या टेबलापाशी आली. तिचं टेबल माझ्या काचेच्या खोलीबाहेरच आहे, सर्व्हर असतो तीच खोली. चेहरा उजळलेला. "जमला गं," एवढंच म्हणाली, आणि टाळ्या वाजवत आरतीत जाऊन उभी राहिली. प्रसाद घेऊन ती लगेच निघाली, घरी पाहुणे होते.

मी पँट्रीत एका कोपऱ्यात पुरी खात होते. निखिल वाटी घेऊन आला.

"देवी पावली! सुजाताताईची फाइल उघडली."

"उघडली म्हणजे?"

"म्हणजे उघडली. मी म्हटलं, सगळे जेवतायत तोवर जरा बघावं. माळ बाजूला केली, आणि कुलूपच नाही. झकास. ऊन घालायला घेतलंय. पण खेकडा जुनाच आहे यार. ती तर म्हणत होती जमला."

मी वाटी खाली ठेवली. सुजाताताईने फाइल सेव्ह करून बंद केली असती तर निखिलला आजचा खेकडा दिसला असता. जुना दिसतोय, म्हणजे तिने सेव्ह केलेलं नाही. सेव्ह केलेलं नाही म्हणजे फाइल अजून तिच्याकडेच उघडी आहे. मग तिला कुलूप का नाही?

सर्व्हरच्या खोलीत गेले तर काकूला माळ. पुढच्या जाळीत अक्षता. मी स्क्रीन लावली. काकू नुकतीच बंद होऊन चालू झाली होती. माझी सेवा बिचारी उठल्याबरोबर कामाला लागली होती, तिने एकूण एक माशाला हाक मारली होती. आणि एकानेही ओ दिली नव्हती.

कारण तिने हाक मारली होती नव्या नावाने. फाइली उघडायला काकूचा नुसता पत्ता पुरतो, नाव लागतं ते या हाकेला. आपण नाही का, अनोळखी नंबरवरून फोन आला की उचलत नाही, तसंच. सुरमई काकूला ओळखते. ही कोण आकडेवाली बाई, तिला काय म्हणून सांगायचं? कुणीच काही सांगितलं नाही, थांबायची मुदत संपली आणि काकूने गृहीत धरलं की कुणाचं काहीच नव्हतं. सगळी कुलपं उघडी.

म्हणजे सुजाताताईचा जमलेला खेकडा जगात एकाच ठिकाणी होता, तिच्या चालू असलेल्या मशीनमध्ये. मी काचेतून बाहेर बघितलं. परबकाका पहिली रांग संपवून दुसऱ्या रांगेत टेबलाखाली वाकले होते.

मी दार उघडलं आणि "काका" म्हटलं. माझं "काका" मलाच ऐकू आलं नाही. पँट्रीतून सगळे परत आले होते, एकमेकांना आपट्याची पानं देत होते, कुणीतरी गाणं लावलं होतं. मी दुसऱ्यांदा म्हटलं. काहीच नाही. दारालगतच्या टेबलावर आरतीचं तबक होतं. मी घंटा उचलली आणि वाजवली, आणि थांबायचं कसं हे न कळून बराच वेळ वाजवत राहिले.

गाणं बंद झालं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"कोणी काही बंद करू नका," मी म्हटलं. "आणि कोणी काही सेव्ह करू नका."

"आयला, ही बोलते!" मागून कुणीतरी म्हणालं. मला तो कोण ते माहीत आहे, पण जाऊ दे.

टेबलाखालून परबकाका बाहेर आले. "काय झाला गो बाय? पुन्हा आरती?"

"काका, तुम्ही सर्व्हर बंद केलात?"

"त्या थंड खोलीतलो? होय तर. सगळ्यांका विश्रांती आणि ह्यो एकटोच लुकलुकता. माका बरा नाय वाटला. म्हटलंय, आरती होयसर तरी गप ऱ्हांवदे. नंतर चालू केलंय की परत. तुजा काय बिघाडला?"

त्यांच्यावर रागवता येत नव्हतं. काकूला एवढ्या वर्षांत विश्रांती कुणी देऊ केली नव्हती, मीसुद्धा नाही.

"आणि सुजाताताईचं मशीन? तेही बंद केलंत?"

"त्येच्यावर देव आसा. देव हलयल्याशिवाय मागचा बटान गावना नाय. आणि पूजेतलो देव उद्याशिवाय हलवतत काय?"

मी वळून बघितलं. मातीच्या खेकड्याला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं, डोक्यावर फूल. त्याच्या खाली सुरमईचा हिरवा दिवा चालू होता.

"काका, तो खेकडा आहे."

"आज देवच," परबकाका म्हणाले.

पुढची दहा-पंधरा मिनिटं मी जे केलं ते काकूचं काम होतं, पण ते पायी करावं लागलं. एकेका टेबलाशी जाऊन विचारायचं, आरतीनंतर तू काही उघडलंस का? उघडलं असेल तर सेव्ह न करता बंद कर. आधीच्यांचं आधी. एवढ्या लोकांशी एका दिवसात मी कधीच बोलले नव्हते. काही जण मला माशांच्या नावांनीच माहीत होते. "तू हलवा ना?" असं मी एकाला विचारलं, त्याचा चेहरा अजून आठवतो. बहुतेकांनी काही उघडलंच नव्हतं, परबकाकांना घाबरून. राहिला निखिल.

"मी नाही बंद करणार," तो म्हणाला. "तीन दिवस थांबलोय. अर्धं ऊन झालंय माझं."

"जुन्या खेकड्यावर झालंय ते."

"मग? जुना काय वाईट आहे? तू विचारलंस का तिला, तिला कुठला हवाय? तिच्या मशीनमध्ये काही असेलच कशावरून?"

हे खरं होतं. मला काहीच माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं, आणि मेसेज करून उत्तराची वाट बघत बसायला वेळ नव्हता. मी ऑफिसच्या फोनवरून सुजाताताईला फोन लावला. नाही उचलला. पुन्हा लावला. नाही उचलला.

"ऑफिसचा नंबर बदललाय ना," निखिल म्हणाला. "तिला वाटत असेल लोनवाले आहेत. तुझ्या मोबाइलवरून कर."

मी माझ्या मोबाइलवरून केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"अगं तू? फोन? काय झालं, आग लागली का?"

"नाही. ताई, तू सेव्ह केलं होतंस?"

"नाही गं. मनासारखं झाल्याशिवाय मी सेव्ह करत नाही, मग मोह होतो आहे तेच ठेवायचा. आज झालं मनासारखं, आणि वळून बघते तर परबकाकांनी माळ घातलेली. पूजेतल्या यंत्राला हात कसा लावणार? म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम." मग तिचा आवाज बदलला. "का? गेला का तो?"

फोन स्पीकरवर नव्हता, पण निखिलला ऐकू गेलं असावं. त्याने फाइल बंद केली. 'सेव्ह करायचं का?' असं स्क्रीनवर आलं, आणि त्याने 'नाही' दाबलं. अर्धं ऊन गेलं. या मुलाबद्दल माझं मत त्या क्षणी बदललं. हे मी त्याला सांगितलेलं नाही, आणि तो मराठी अंक वाचत नाही.

"अजून आहे," मी ताईला म्हटलं. "थांब, ठेवू नको."

खोलीत जाऊन मी काकूला तिचं जुनं नाव परत दिलं, या वेळी तिथल्या तिथे लागू होईल असं, आणि सेवा पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा तीच मुदत, नव्या कुणाला काही मिळणार नाही, आधीच्यांनी यावं. फोन कानाला तसाच होता. पलीकडे बोरिवलीतलं स्वयंपाकघर ऐकू येत होतं, कुकर, कुणीतरी "वहिनी, पापड कुठेत?" विचारत होतं. दारात निखिल उभा, त्याच्यामागे परबकाका हातात घंटा घेऊन.

काकूने हाक मारली. जुन्या, ओळखीच्या नावाने.

स्क्रीनवर एक ओळ आली. हलवा हजर, त्याच्यापर्यंत परबकाका अजून पोचले नव्हते. मग बांगडा. मग काही वेळ काहीच नाही. बंद केलेली मशीन उत्तर देणार नव्हतीच, पण तेवढ्या वेळात मी सुरमईच्या दिव्याकडे काचेतून इतक्यांदा बघितलं की परबकाकाही तिकडे बघायला लागले.

मग सुरमई आली. माझ्याकडे एक फाइल होती, ती माझी आहे.

"आहे ताई," मी म्हटलं. "कुलूप लागलं. आता उद्या येऊन सेव्ह कर."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ताई म्हणाली, "पापड वरच्या फळीवर आहेत." ते मला नसावं.

मॅनेजरांना मी दुसऱ्या दिवशी लेखी कळवलं की सर्व्हरचं नाव बदलण्याआधी सगळ्या मशीनना सांगणं आवश्यक आहे. त्यांनी विचारलं, म्हणजे आता नाव काय? मी म्हटलं, काकू. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराशी उभ्या परबकाकांकडे, आणि विषय सोडला.

आता काकूचे दिवस थोडेच राहिले आहेत. नवी पद्धत येते आहे आणि तिच्यात ही वेगळी सेवा लागत नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक मशीनने थोड्या-थोड्या वेळाने आपणहून सांगत राहायचं, मी आहे, मी अजून आहे. जो सांगायचा थांबला त्याचं कुलूप गेलं. चांगली पद्धत आहे, निखिलने प्लग काढला तरी समुद्र अडकून राहणार नाही. ती बसवण्याचं काम माझ्याकडेच आहे आणि ते मी नीट करीन. पण ज्याला आपणहून सांगता येत नाही, त्याचीही आठवण ठेवून दाराशी येऊन विचारणारं कुणीतरी असावं, असं मला आपलं वाटतं. हे तांत्रिक मत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुजाताताई सगळ्यांच्या आधी आली. परबकाकांनी खेकड्यावर अक्षता टाकून तो रीतसर हलवून दिला. ताईने माळ काढली, मॉनिटर लावला आणि सेव्ह केलं. झालं. एवढंच होतं ते. मी माझ्या खोलीतून बघितलं आणि आपल्या कामाला लागले.

मीटिंग काचेच्या मोठ्या खोलीत होती. आवाज बाहेर येत नाही, फक्त दिसतं. पडद्यावर चॅनेलच्या बाईचा चेहरा होता. खेकडा शंखातून एक डोळा बाहेर काढतो, कुणी बघतंय का ते बघतो, आणि पुन्हा आत घेतो. ती बाई हसली. मग तिने हाताने खूण केली, पुन्हा दाखवा. सुजाताताईने दोन्ही हात तोंडावर धरले. निखिलने तिच्यामागून माझ्याकडे बघून अंगठा दाखवला, म्हणून मी खाली बघितलं.

दुपारी ताई माझ्या टेबलाशी आली. हातात आपट्याचं पान, एक दिवस शिळं, कडा वळलेल्या.

"काल तुला सोनं द्यायचं राहिलं," म्हणाली. मी वाकून नमस्कार करायला गेले तर तिने खांद्याला धरून उभं केलं. मग जरा संकोचून तिने आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. कालच्या कॉलवर माझं नाव होतं. तिने मला 'सिस्टिमवाली गप्प' म्हणून सेव्ह केलं होतं.

"काल घरी नणंदेने बघितलं आणि हसली," ताई म्हणाली. "मलाच लाज वाटली. एवढी घंटा वाजवलीस म्हणे. बदलते हां मी. काय लिहू, सांग."

"नको," मी म्हटलं. "आहे तेच राहू दे. ओळखीचं आहे."